नवे यंत्र की जुना फ्रिज?

एखादी वस्तू बाजारातून तयार आणावी, की घरात पडून असलेल्या जुन्या वस्तूतूनच ती घडवावी, हा प्रश्न संसाराइतकाच जुना आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, जुन्या पलंगाच्या फळ्यांचे कपाट होते, आणि या खटाटोपात थोडेफार चुकले तरी फारसे बिघडत नाही. गोधडी जरा तोकडी पडते, कपाटाचे दार जरा कुरकुरते, इतकेच. परंतु ज्या वस्तूच्या पोटात वीज, दाबाखालचा वायू आणि कित्येकदा ज्वालाग्राही द्रव्य अशी तिन्ही एकत्र नांदतात, तिच्या बाबतीत हा प्रश्न केवळ काटकसरीचा राहत नाही. बंगळूरसारख्या शहरात, जिथे पिंपातून तोटीने काढलेल्या ताज्या बिअरची आवड रुजली आहे, तिथे लहान क्लबांपुढे, छोट्या उपाहारगृहांपुढे आणि क्वचित हौशी गृहस्थांपुढेही असा एक प्रश्न उभा राहतो. पिंप थंड ठेवून त्यातील बिअर तोटीने देणारे, 'केगरेटर' या नावाने ओळखले जाणारे यंत्र तयार विकत घ्यावे, की एखाद्या जुन्या फ्रिजचेच तसे यंत्र करून घ्यावे?

केगरेटर हा शब्द 'केग' म्हणजे धातूचे पिंप आणि 'रेफ्रिजरेटर' यांच्या संकरातून झाला आहे. नाव नवे वाटले तरी आतील योजना साधी आहे. एक थंड कपाट, त्यात बिअरचे पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर, त्या वायूचा दाब उतरविणारा रेग्युलेटर, पिंपाच्या तोंडावर बसणारी जोडणी, एक नळी आणि शेवटी तोटी. वायू पिंपात शिरून बिअरवर दाब देतो आणि बिअर नळीतून वर चढते. एवढ्या वस्तू जुन्या फ्रिजमध्ये मांडता येणार नाहीत काय, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

या विचाराला इतिहासाचाही एक आधार सापडतो. आज घरोघरी असलेला फ्रिज हा एका अर्थाने बिअरच्याच कारखान्यात वाढला. जर्मनीतील कार्ल फॉन लिंडे या अभियंत्याने आपले पहिले शीतयंत्र १८७३ च्या सुमारास म्यूनिकच्या श्पाटन या बिअर कारखान्यासाठी उभारले. तेथील मद्यकारांना थंडीत मंद गतीने आंबणारी बिअर उन्हाळ्यातही करावयाची होती, आणि तोवर त्यांना नदीतळ्यांतून कापून आणलेल्या बर्फावर विसंबावे लागे. लिंडेने पुढे अमोनियावर चालणारी यंत्रे केली, आणि बिअरच्या गरजेतून पक्व झालेली ही विद्या कालांतराने दूध, मांस, औषधे आणि अखेर घरगुती स्वयंपाकघर यांच्या सेवेला आली. भारतात फ्रिज तयार होऊ लागला तो १९५८ मध्ये, गोदरेजच्या कारखान्यात. तेव्हा जुन्या फ्रिजमध्ये बिअरचे पिंप ठेवणे म्हणजे लेकराला आजोळी धाडण्यासारखेच आहे, असे कोणी गमतीने म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

बंगळूरचे बिअरशी नातेही जुनेच आहे. १८०९ साली ब्रिटिश पलटणींची छावणी येथे आली आणि गोऱ्या शिपायांबरोबर त्यांचे पेयही आले. १९१५ साली टॉमस लीशमन याने दक्षिणेतील पाच कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी उभी केली. त्या काळी पलटणींसाठी बिअर मोठमोठ्या लाकडी पिंपांतून जात असे. १९४७ साली विठ्ठल मल्ल्या या कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि शहराच्या मध्यभागी जिथे तिचा कारखाना होता तिथे आज यू.बी. सिटी नावाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. १९८० च्या दशकात बंगळुरात पब आले, आणि २०१० नंतर जागच्या जागी बिअर तयार करून देणारी छोटी मद्यालये निघाली. अशा शहरात पिंपाची बिअर आणि बाटलीतील बिअर यांतील फरक जाणणारे रसिक असणारच. मात्र तो फरक टिकविणे किती नाजूक काम आहे, हे तोटीसमोर पेला धरून उभे राहणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

ते काम नीट समजून घेतल्याखेरीज नव्या-जुन्याचा निवाडा करता येत नाही. १८०३ साली विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. द्रवावर वायूचा दाब जितका अधिक, तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो. याला जोड दुसऱ्या गोष्टीची. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक सुखाने राहतो. साधारण बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. समुद्रकाठच्या गावी बिअर तीन अंश सेल्सिअसला असेल तर हा वायू तिच्यात टिकविण्यास दर चौरस इंचाला सुमारे अकरा ते बारा पौंड दाब पुरतो. तीच बिअर दहा अंशांवर गेली की अठरा पौंडांच्या आसपास दाब लागतो. तो मिळाला नाही, तर वायू बिअर सोडून बाहेर पडू लागतो आणि पेल्यात बिअरऐवजी फेस उतरतो. पिंपाच्या बिअरविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या सात अंशांत असते.

येथे बंगळूरचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे वीस मीटर उंचीवर आहे. मुंबईला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंडांच्या जवळपास असतो, तर बंगळुरात तो सव्वातेरा पौंडांच्या आसपास. रेग्युलेटरचा काटा बाहेरील हवेच्या तुलनेतच दाब दाखवितो. म्हणून मुंबईत बारावर ठेवलेला काटा बंगळुरात साडेतेरावर न्यावा लागतो, नाहीतर पिंपातील बिअर दिवसागणिक निस्तेज होत जाते. परदेशी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत हा हिशेब असेलच असे नाही. यंत्र नवे असो की जुन्यातून केलेले असो, एवढे ज्ञान मालकाला स्वतःच मिळवावे लागते.

उंचीने एक अडचण दिली असली, तरी त्याच उंचीने एक सवलतही दिली आहे. फ्रिजच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आत ३ अंश, म्हणजे फरक ४१ अंशांचा. बंगळुरात एरवीच्या दिवशी बाहेर २६ अंश, म्हणजे फरक २३ अंशांचा. येथील जुन्या फ्रिजला नागपुरी फ्रिजच्या जवळजवळ निम्मेच ओझे वाहावे लागते. तरीही बंगळूर सदाच थंड असते या समजुतीवर फार विसंबू नये. २४ एप्रिल २०१६ रोजी या शहरात ३९.२ अंश तापमानाची नोंद झाली होती. यंत्राची परीक्षा अशाच दिवशी होते.

आता तयार यंत्राचे गुण पाहू. तयार यंत्रात पिंपाच्या वजनाला पेलणारा तळ असतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण पन्नास लिटरचे भरलेले पिंप साठ किलोंच्या पुढे जाते, आणि घरगुती फ्रिजचा तळ भाजीच्या टोपलीसाठी केलेला असतो. तयार यंत्रात नळी, तोटी, गळती झेलणारे ताट आणि वायूची जोडणी ही एकमेकांशी जुळवूनच बसविलेली असतात. कोणत्या जागी छिद्र पाडावे हे कारखान्यात आधीच ठरलेले असते. थोडक्यात, तयार यंत्र घेणारा मनुष्य धातू आणि काच यांच्याबरोबर दुसऱ्यांनी केलेल्या चुकांचा अनुभवही विकत घेतो, आणि त्या अनुभवाचे मोल थोडे नसते.

परंतु तयार यंत्र म्हणजे निर्धास्तपणा, असेही समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत वापरासाठी केलेले यंत्र ११० ते १२० व्होल्ट दाबाच्या आणि साठ आवर्तनांच्या विजेवर चालते. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची व पन्नास आवर्तनांची. दुसरे असे की फ्रिजवर तो कोणत्या हवामानासाठी केला आहे याची खूण असते. 'एन' या वर्गाचे यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असते, 'एसटी' वर्गाचे ३८ अंशांपर्यंत, आणि 'टी' म्हणजे उष्ण प्रदेशाच्या वर्गाचे ४३ अंशांपर्यंत. थंड देशातून आणलेले 'एन' वर्गाचे देखणे यंत्र वर सांगितलेल्या एप्रिलच्या दिवशी धापा टाकू लागेल. तिसरी गोष्ट पिंपाच्या तोंडाची. पिंपांची तोंडे निरनिराळ्या घाटांची असतात, आणि एका घाटाची जोडणी दुसऱ्यावर बसत नाही. बिअर ज्या कारखान्याकडून येणार, त्याच्या पिंपाचे तोंड पाहिल्याशिवाय यंत्र मागविणे म्हणजे नवरदेवाचे माप न घेता अंगरखा शिवण्यासारखे होय. शिवाय बाहेरून आणलेल्या यंत्राचा एखादा भाग निकामी झाला, तर तो येईपर्यंत यंत्र कोपऱ्यात पडून राहते.

जुन्या फ्रिजची बाजूही अशीच निःपक्षपातीपणे पाहिली पाहिजे. बंगळुरात या कामाला लागणाऱ्या वस्तू आणि हात दोन्ही सापडतात. सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे एस. पी. रोड म्हणतात, विजेची उपकरणे आणि तापमान नियंत्रित करणारी छोटी यंत्रे मिळतात. शिवाजीनगरच्या गुजरीत जुन्या वस्तूंचे सुटे भाग मिळतात. फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक गल्लोगल्ली असतो. जुना फ्रिज बिघडला तर त्याला याच शहरातला मनुष्य बरा करू शकतो, हा गुण तयार परदेशी यंत्राला नाही. आणखी एक अनपेक्षित लाभ असा की, तोटी फ्रिजच्या दारातच बसविली तर बिअरची नळी शेवटपर्यंत थंडीतच राहते. पुष्कळ तयार यंत्रांत तोटी वरच्या उभ्या खांबावर असते. तो खांब बाहेरच्या हवेने तापतो आणि पहिला पेला फेसाचा येतो. तो टाळण्यासाठी खांबात थंड हवा सोडणारा छोटा पंखा लागतो.

मात्र फ्रिजला छिद्र पाडण्याची वेळ येते, तेव्हा सर्वांत मोठा धोका समोर येतो. फार जुन्या फ्रिजची उष्णता बाहेर टाकणारी जाळी पाठीमागे उघडी दिसत असे. अलीकडच्या पुष्कळ फ्रिजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत दडविलेल्या असतात. फ्रिज चालू असताना बाजू कोमट लागते ती त्यांच्यामुळेच. तिथे ड्रिल चालविले आणि नळी फुटली, तर फ्रिज तत्क्षणी निकामी होतो. पण तेवढ्यावर भागले तर ते सुदैवच. अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन हा वायू असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसचाच नातलग असून हवेत शंभरास दोन भागांहूनही कमी मिसळला तरी पेट घेऊ शकतो. त्याचे प्रमाण फ्रिजमध्ये थोडे, बहुधा काही दशक ग्रॅम असते हे खरे. परंतु फुटलेल्या नळीच्या तोंडाशीच फिरणारे आणि ठिणग्या उडविणारे ड्रिल असते, हे विसरून चालत नाही.

त्याआधीच्या फ्रिजमध्ये आर-१३४ए असतो. तो पेटत नाही, पण वातावरणात सुटल्यावर पृथ्वी तापविण्याच्या कामी तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक प्रभावी ठरतो. त्याहून जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला मारक ठरलेल्या या वायूवर १९८७ च्या माँट्रियल करारानुसार बंदी आली, आणि भारतातील त्याचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. असा फ्रिज हाती आला, तर त्यात गळती झाल्यावर पुन्हा तोच वायू भरता येईल अशी आशा धरू नये. फ्रिजच्या पाठीवरील किंवा आतील पट्टीवर वायूचे नाव लिहिलेले असते. ती पट्टी वाचल्याशिवाय हत्यार हाती धरू नये, हा या कामातील पहिला नियम.

दुसरा नियम असा, की छिद्र पाडावयाचेच तर ते दारात पाडावे. घरगुती फ्रिजच्या दारात वायूच्या नळ्या सहसा नसतात. एकदारी फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्याला तर हातही लावू नये. त्या पातळ पत्र्यातूनच थंड वायू फिरत असतो, आणि बर्फ काढण्यासाठी चाकू चालवून ज्यांनी आपले फ्रिज गमावले, त्यांची संख्या कमी नाही. तिसरी एक युक्ती अधिक सुरक्षित आहे. आडव्या, वरून उघडणाऱ्या फ्रीझरच्या पेटीवर लाकडाची चौकट बसवितात, त्या चौकटीवर झाकण चढवितात आणि तोट्या त्या लाकडातून बाहेर काढतात. मूळ पेटीला एकही छिद्र पडत नाही, आणि पुढेमागे चौकट काढली की फ्रीझर पूर्ववत होतो. फक्त त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडावा लागतो, कारण फ्रीझर स्वभावतः सारे गोठवूनच थांबतो. त्या नियंत्रकात काँप्रेसर बंद पडल्यावर तो पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटांचा विसावा ठेवलेला असावा. नाहीतर काँप्रेसर लवकर जळतो.

फ्रिज या कामास योग्य आहे की नाही, याची पारख घरच्या घरी होते. रिकाम्या फ्रिजमध्ये पाण्याचा पेला ठेवून त्यात तापमापक बुडवावा आणि दिवसभराने पाहावे. पाणी तीन-चार अंशांवर स्थिर राहिले तर यंत्र धडधाकट आहे. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे. कपटा सहज ओढून निघाला तर दाराचे रबर गेले आहे. अर्थिंगची तार शाबूत आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण बिअर सांडणार, फरशी ओली होणार आणि ओल्या हाताने कोणीतरी तोटी ओढणार. अखेर पिंपाचे माप घ्यावे. पन्नास लिटरचे युरोपीय पिंप सुमारे ५३ सेंटिमीटर उंच आणि ४१ सेंटिमीटर रुंद असते, आणि त्याच्यावर जोडणीसाठी आणखी वीतभर जागा लागते. फ्रिजच्या तळाशी मागल्या बाजूस काँप्रेसरचा जो उंचवटा आत आलेला असतो, त्याला अडून कित्येकांचे बेत मोडतात.

येथवर विजेचे आणि फ्रिजमधील वायूचे झाले. राहिला कार्बन डायऑक्साइड. तो पेटत नाही, त्याला वास नाही, म्हणूनच त्याच्याविषयी माणूस गाफील राहतो. इंग्लंडमधील लीड्स शहरी बिअरच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकाच्या अखेरीस पाहिले होते, की आंबणाऱ्या बिअरच्या हौदावर जमणाऱ्या वायूत जळती काडी विझते आणि तो वायू हौदाच्या काठावरून पाण्यासारखा खाली ओघळतो. हवेपेक्षा दीडपट जड असा हा वायू जमिनीलगत साचतो. सव्वादोन किलोच्या लहानशा सिलिंडरातून बंगळूरच्या हवेत सुमारे चौदाशे लिटर वायू बाहेर पडतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत हवा असते सत्तावीस हजार लिटर. रात्री बंद खोलीत एखादी जोडणी सैल राहून सारा सिलिंडर रिकामा झाला, तर त्या खोलीतील हवेत वायूचे प्रमाण शंभरास पाच इतके होईल. एरवी ते दहा हजारांत चार-पाचच असते. शंभरास पाचला डोके दुखू लागते आणि धाप लागते. शंभरास दहाला मनुष्य बेशुद्ध पडू शकतो, आणि वायू खाली साचत असल्यामुळे जमिनीवर निजलेल्याभोवती हे प्रमाण खोलीच्या सरासरीहून अधिक असते. म्हणून असे यंत्र झोपण्याच्या खोलीत, तळघरात किंवा खिडकी नसलेल्या कोठीत ठेवू नये. प्रत्येक जोडणीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. आणि काम झाल्यावर सिलिंडरची चावी बंद करावी. सिलिंडरमध्ये पंचवीस अंशांना वायूचा दाब हवेच्या साठपटीहून अधिक असतो. त्याच्यावर अधिकृत चाचणीचा शिक्का असलाच पाहिजे. या बाबतीत स्वस्ताईला जागा नाही. तयार यंत्र घेणाऱ्यालाही हा सिलिंडर टळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

आता खर्चाकडे वळू. फ्रिज घरचाच आहे, म्हणजे तो फुकट पडला, असा हिशेब पुष्कळजण करतात. पण तोटी, जोडणी, रेग्युलेटर, सिलिंडर, नळ्या आणि तापमान-नियंत्रक या वस्तू कोणत्याही मार्गाने विकत घ्याव्याच लागतात. कित्येकदा चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. त्यात विजेचा खर्च दरमहा गुपचूप भर घालीत असतो. समजा, जुना फ्रिज दिवसाला दीड युनिट वीज खातो आणि नवे यंत्र पाऊण युनिट. वर्षाला फरक पडला सुमारे पावणेतीनशे युनिटांचा. युनिटला सात रुपये धरले तरी एकोणीसशे रुपयांच्या वर रक्कम झाली, आणि पाच वर्षांत ती साडेनऊ हजारांच्या पुढे गेली. विजेचा वापर मोजणारे लहानसे मापक फ्रिजला चोवीस तास लावून ठेवले की हा आकडा अंदाजाचा न राहता प्रत्यक्षातला होतो. नव्या-जुन्याचा वाद घालण्याआधी एवढे एक काम केले, तर अर्धा वाद आपोआप मिटतो.

याच्या उलट, जो वर्षातून चार वेळाच पिंप आणणार, त्याने आपले जुने यंत्र एरवी बंद ठेवले तर हा तोटा नगण्य ठरतो, आणि तयार यंत्रात गुंतविलेली मोठी रक्कम मात्र वर्षभर निपचित पडून राहते. आणखी एक गोष्ट. पन्नास लिटर बिअर पंचवीस अंशांवरून तीन अंशांवर आणण्यास अकराशे किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. घरगुती काँप्रेसरने सेकंदाला शंभर ज्यूल उष्णता उपसली असे धरले, तरी तेरा तास होतात. प्रत्यक्षात पुरा दिवस धरावा. घरगुती फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यात पटाईत असतो, उष्ण वस्तू झटपट थंड करण्यात नव्हे. ज्याला रोज एक पिंप संपवावयाचे आहे अशा उपाहारगृहाने म्हणूनच घरगुती फ्रिजच्या वाटेला जाऊ नये. आणि यंत्र कोणतेही असो, दर पंधरवड्यास नळ्या क्षारयुक्त द्रावणाने धुतल्या नाहीत, तर त्यांत बुरशी आणि चिकट थर धरतो व उत्तमातली उत्तम बिअर आंबूस लागू लागते.

या सर्वांपूर्वी कायद्याची पायरी चढावी लागते. मद्य हा भारतीय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय आहे. कर्नाटकात १९६५ चा उत्पादन शुल्क कायदा लागू आहे. परवान्यावाचून बिअर बनविता येत नाही, आणि घरी किती मद्य ठेवता येईल यालाही मर्यादा आहे. पिंप आणण्यापूर्वी ती मर्यादा व आवश्यक तो परवाना यांची खात्री उत्पादन शुल्क कार्यालयात करून घ्यावी. ज्यांना मद्याशी कर्तव्य नाही अशांनाही हे यंत्र निरुपयोगी नाही. याच सामग्रीतून सोडा, लिंबाचे किंवा कोकमाचे फसफसते सरबत तोटीने देता येते, आणि वर सांगितलेले सारे नियम त्यालाही लागू पडतात.

जुन्या फ्रिजच्या बाजूने अखेरचा मुद्दा मांडला जातो तो असा, की वस्तू फेकून न देता वापरणे हे चांगलेच. ते खरेच आहे, पण त्याला एक अट आहे. तीन अंश तापमान राखू न शकणारा, दुप्पट वीज खाणारा फ्रिज केवळ मायेपोटी चालू ठेवणे याला काटकसर म्हणता येत नाही. अशा फ्रिजची योग्य जागा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात आहे, जिथे त्यातील वायू बाहेर न सोडता काढून घेतला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी हे काम करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आणि कडीने बंद होणारा एखादा पुराणा, हौसेचा फ्रिज असेल तर त्याची कडी प्रथम काढून टाकावी. असे फ्रिज आतून उघडत नसत. त्यांत लपलेली मुले गुदमरल्यामुळे अमेरिकेला १९५६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

तेव्हा निवाडा किमतीवरून न करता तीन प्रश्नांवरून करावा. पिंप किती वेळा येणार? जुना फ्रिज आज, फ्रिज म्हणून, धडधाकट आहे काय? आणि त्याच्या नळ्या कोठून जातात हे जाणणारा मनुष्य हाताशी आहे काय? पिंप क्वचित येणार असेल आणि पुढील दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर जुन्या फ्रिजने खुशाल नवा संसार मांडावा. यांतील एकही उत्तर डळमळीत असेल, तर तयार यंत्र घ्यावे, मात्र त्याचे व्होल्ट, हवामानाचा वर्ग आणि पिंपाचे तोंड पाहूनच. तयार यंत्राची किंमत एकदा, पावतीवर, उघडपणे द्यावी लागते. जुन्यातून केलेल्या यंत्राची उरलेली किंमत मालकाच्या दक्षतेतून रोज थोडी थोडी वसूल होत असते. ती देण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच ड्रिल हाती घ्यावे. आणि तेही फ्रिजचा प्लग काढून, पाठीमागची पट्टी वाचून झाल्यावर.